छाट

विडी घरकुलात दर गुरुवारी माझं लसीकरण,
समाजमंदिराच्या पायरीवर. निळा डबा,
आत बर्फाच्या चार पट्ट्या,
आणि डब्याबाहेर सगळं सोलापूर.
साडेअकरापर्यंत पट्ट्या दगड असतात,
दोन वाजता नुसतं गार पाणी.

बायका सूप घेऊनच येतात.
पोर माझ्या सुईखाली किंचाळतं तेव्हाही
त्यांची बोटं पान वळायची थांबत नाहीत.
हजारावर मजुरी. कारखान्यात चेकर
मूठभर उचलून बाजूला टाकतो : छाट.
म्हणून टक्केवारी मला इथे शिकवावी लागत नाही.
गोवराला शंभरात पाच छाट चालते, मी म्हणते,
त्यापुढे गेली की तो सगळा माल नेतो.

मागच्या गल्लीत मी घरोघर मोजली.
शंभरात एकोणीस.

राजेश्वरी यमुलचा चरण त्यातला एक.
त्याच्या बापाने टॉवेलच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं.
काय, ते त्याला नीट सांगता आलं नाही.
"सिस्टर, तुमच्यावर राग नाय," एवढंच म्हणाला
आणि मला चहा पाजला. चहा चांगला होता.
मी रजिस्टरला लिहिलं : पालकांचा नकार.
अक्षरसुद्धा छान आलं.

मार्चात चरणच्या कानामागून पुरळ उतरलं.
दाराला कडुलिंब लागला.
"अम्मोरू आली," त्याची आजी कुजबुजली,
आणि तापल्या पोराच्या पायांना हात लावून
तो हात तिने कपाळाला नेला.

समोरून नागूबाई चिलका आल्या.
दारातच थांबल्या, पदर दंडावरून सारला.
दोन गोल वण, जुन्या चार आण्यांएवढे.
"ही पण देवीच की," म्हणाल्या.
"आमच्या वेळी सुईलाच देवी म्हणायचे.
देवी काढली का गं पोरीची, असं विचारायचे.
माझा भाऊ पळाला, मागाखाली लपला.
मग त्याला ती दुसरी आली.
तिने विचारलं नाही."
कुणी काही बोललं नाही.
पाच दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
बायका कळश्या घेऊन उठल्या.

चरण बरा झाला. हे लिहायलाच हवं.
नवव्या दिवशी उठून त्याने
कडक भाकरी मागितली, शेंगाचटणी मागितली,
आणि त्याच्या बापाने मला हाक मारून
दारात उभा करून दाखवला :
बघा.

भिंतीपलीकडे सुंचूंची मुलगी, साडेसात महिन्यांची.
तिची लस चुकली नव्हती.
तिची वेळ यायची होती.
तिच्या आईने, भाग्यलक्ष्मीने, एक गुरुवार सोडला नव्हता,
बाळंतपणानंतर दीड महिन्याने
सगळ्यांच्या आधी पायरीवर तीच बसलेली.
चरण रोज खुळखुळा घेऊन त्यांच्याकडे जायचा.
आधी ताप आला, मग पुरळ, मग छाती भरली.
सिव्हिलमध्ये सहा दिवस.
सातव्या दिवशी रिक्षातून ते तिघं परत आले,
म्हणजे दोघं.

तिच्या कार्डावर नऊ महिन्यांच्या रकान्यात
मीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं :
सतरा एप्रिल.

सतरा एप्रिल नेमका गुरुवारी आला.
बेचाळीस अंश. रांग नेहमीपेक्षा लांब,
राजेश्वरी चरणला कडेवर घेऊन, मान खाली,
तिचा नवराही, चपला हातात धरून, कशासाठी कोण जाणे.
मी कुणाला काही विचारलं नाही.
एकोणिसातले अकरा आले. मी मोजले. सवय.

शेवटी भाग्यलक्ष्मी. तिच्याजवळ फक्त कार्ड,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेलं.
"हे जमा करायचं असतंय का?" तिने विचारलं.
माझ्या खिशात खोडरबर होतं.
"असू द्या," मी म्हणाले. "तुमच्याकडेच."
ती गेली नाही. पायरीच्या कडेला बसली,
सूप मांडीवर ओढलं, पान कापायला घेतलं.

आतून कुणीतरी ओरडलं,
सिस्टर, झाकण लावा,
बर्फ जातोय.